धुता न येणारं सोनं

जानेवारीतल्या एका सकाळी मी ठाकुर्लीहून निघाले तेव्हा माझ्या मांडीवर साबणाच्या वडीएवढं एक यंत्र होतं आणि त्याच्या काचेवर लाल ठिपका पेटला होता. यंत्र मैत्रिणीच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतलं, उसनं आणलेलं. हवेत धूळ किती आहे ते हे यंत्र रंगाने सांगतं. हिरवा म्हणजे खुशाल श्वास घ्या; मग पिवळा, नारिंगी, लाल, आणि सगळ्यात वाईट तो जांभळा. शीळफाट्याला ट्रकांच्या गराड्यात बस अडकली आणि ठिपका जांभळा झाला.

शेजारच्या काकूंनी वाकून पाहिलं. "शुगर चेक करतेस का गं?"

"नाही काकू, हवा."

"मग ठेव आत. बघून काय होणारे? घ्यायची तर हीच."

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलेय. पाणी हेच प्यायचं, रस्ता हाच तुडवायचा, हवा हीच घ्यायची. माझे पप्पा कल्याणच्या एका छोट्या छापखान्यात काम करतात आणि ठाकुर्लीच्या आमच्या चाळीत मी अक्षरं शिकले ती पत्रकांवरून: सभेची, संपाची, जयंतीची, नळाला पाणी येत नाही म्हणून काढलेल्या मोर्चाची. "हेच चालायचं" असं म्हणणाऱ्यांना उत्तर द्यायला पत्रक असतं, एवढं मला शाळेत जाण्याआधी कळलं होतं. आणि पप्पांचा एक नियमही पाठ झाला होता. पत्रक छापायला घेण्याआधी ते विचारायचे, "जे लिहिलंयस त्याला हात लावून आलीस का?" म्हणजे नळावर जाऊन नळ उघडलास का, खड्ड्यात उतरून पाहिलंस का. ऐकीव गोष्टीला त्यांच्या मशीनवर जागा नव्हती.

त्या वर्षी मला पत्रक काढायचं होतं ते हवेवर. ठाण्याचा कुणीही माणूस छाती फुगवून सांगतो की आमच्याकडे येऊर आहे, अख्खं जंगल आहे, आमचं फुफ्फुस आहे. डोंबिवलीत वासावरून कारखाना ओळखणाऱ्या आम्हा लोकांना त्याचा हेवा वाटतो. मी ठरवलं की तिन्ही ऋतूंत डोंगरावर जायचं, हवा मोजायची आणि मग लिहायचं: फुफ्फुस असं असतं, आणि ते आम्हालाही पाहिजे.

ठाणे स्टेशनबाहेरून येऊरची बस मिळाली. उपवनचा तलाव मागे पडला, वनखात्याच्या नाक्यावर बस क्षणभर थांबली आणि वळणं सुरू झाली. प्रत्येक वळणाला ठिपका बदलत होता. लाल, नारिंगी, पिवळा. शेवटच्या थांब्यावर उतरले, साग आणि ऐनाच्या सावलीत उभी राहिले आणि तो हिरवा झाला. मी एकटीच हसले. खाली शहराचं छप्पर दिसत होतं, त्याच्यावर मळकट पांघरूण, आणि मी त्या पांघरुणाच्या वर. थंड हवेला सुक्या पानांचा वास येत होता. पत्रकाचा मथळासुद्धा सुचला.

तो मथळा तासभर टिकला. बसथांब्यापासून पायवाटेने डोंगराची धार ओलांडली की पलीकडच्या उतारावर आवळपाडा आहे. पाडा म्हणजे आदिवासींची छोटी वस्ती. इथे वारल्यांची बारा-पंधरा घरं. गेरूच्या भिंती, त्यावर तांदळाच्या पिठाची पांढरी चित्रं. मी धार ओलांडली आणि सवयीने यंत्र पाहिलं. लाल.

बिघडलं असेल म्हणून झटकलं. लालच. शीळफाट्याच्या अलीकडे जो लाल होता, अगदी तोच, पण आजूबाजूला ना ट्रक ना रस्ता. फक्त झाडं. नीट पाहिल्यावर दिसलं की झाडं हिरवी नव्हती. पावडर लावल्यासारखी फिकट होती.

पहिल्या घराच्या अंगणात एक बाई घमेल्यात पळसाची पानं धूत बसली होती. पन्नाशीची, काटक, कमरेला खोचलेलं लुगडं. एकेक पान पाण्यात बुडवायचं, बोटाने पुसायचं, उपडं घालायचं. पाणी राखाडी झालं होतं.

"पानं धुता होय?" मी विचारलं.

"मग काय करू? तशीच नेली तर फुलवाले तोंडावर मारतात." तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "सर्वेवाली हायेस? मागं एक आला होता. संडास मोजून गेला."

"मी हवा मोजते."

"बरं हाय. ती काय पळून जात नाय."

तिचं नाव सोनीबाई. आयुष्यभर तिने पाला विकला आहे. ठाण्याच्या जांभळी नाक्याच्या बाजारात फुलं बांधायला लागणारी पळसाची पानं, पावसात रानभाज्या, आणि दसऱ्याला आपटा. तिने मला धारेवर नेलं आणि हाताने खाली दाखवलं. डोंगराच्या पायथ्याशी घोडबंदर रोडचे टॉवर उभे आहेत, आणि टॉवर आणि जंगल यांच्या मधल्या पट्ट्यात एक काँक्रीटचा कारखाना. टॉवरांना लागणारं काँक्रीट तिथे कालवतात आणि फिरत्या पोटाच्या गाड्यांतून नेतात. सिमेंटच्या टाक्या उंच, खडीचे ढीग उघडे. थंडीत वारा खाडीकडून येतो, त्या ढिगांवरून सरळ चढतो आणि आवळपाड्यावर उतरतो.

"पळस धुता येतो गं," सोनीबाई म्हणाली. "आपटा नाय येत. ओला आपटा गाठोड्यात तापतो, काळा पडतो. काळं सोनं कोण घेईल? गेल्या दसऱ्याला एका बाईनं पान चोळलं, हात झटकला आन म्हणाली, मावशी, हे सोनं हाय का सिमेट? सगळी लायन हसली. आख्खं गाठोडं परत आणलं मी."

परत आणलेलं गाठोडं हे तिचं खरं दुखणं होतं. तिच्या आईने त्याच कोपऱ्यावर बसून सोनं विकलं होतं. "अजून एक दसरा असा गेला तर कोपरा दुसरी कुणी घेईल. मग मी जंगलात राहून काय करू? वॉचमनीण होऊ टॉवरात?"

कारखान्याच्या परवानगीची मुदत येत्या दसऱ्याच्या सुमारास संपते हे मी फोनवर शोधून काढलं, आणि मुदत वाढवण्याआधी सुनावणी होते, हे मला ठाऊक होतं. पत्रकांत वाढल्याचा एवढा फायदा. ते मी तिला सांगितलं. तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी तिने माझ्यापुढे ठेवली. चटणी इतकी झणझणीत होती की डोळ्यांतून पाणी आलं. ती म्हणाली, "रडू नको. ऑक्टोबरला वेळ हाय अजून."

मे महिन्यात मी दुसऱ्यांदा निघाले. या वेळी आधी खालून पाहायचं ठरवलं आणि घोडबंदर रोडला उतरले. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. दहा पावलं गेले तोच एका माकडाने माझ्या हातातलं यंत्र हिसकलं. त्याला ते बहुधा बिस्किटांचा पुडा वाटलं. कुंपणावर बसून त्याने ते चावलं, उलटंसुलटं केलं आणि बेचव निघाल्यावर खाली टाकलं. काचेला तडा गेला, पण ठिपका शाबूत होता. जांभळा.

"काय गो पोरी, काय मोजतेस?"

रस्त्याकडेच्या चिंचेखाली प्लास्टिकच्या खुर्चीत एक म्हातारे गृहस्थ बसले होते. हे म्हात्रेकाका. इथल्या जुन्या आगरी कुटुंबातले. पूर्वी खाडीवर मिठागरं आणि डोंगराखाली भातशेती, आता जमिनी. कारखान्याची जागा त्यांचीच, भाड्याने दिलेली.

"हवा मोजते काका."

"हवा! किती भरली? किलोभर?" ते खुर्चीसकट हलून हसले. मग कुल्फीवाल्याला हाक मारून त्यांनी माझ्यासाठी एक कुल्फी घेतली. भांडायला आलेल्या माणसालाही आधी काहीतरी खायला घालायचं, ही या लोकांची रीत आहे आणि त्यामुळे भांडण फार अवघड होतं.

उन्हाळ्यात दुपारचा वारा उलटा फिरतो, डोंगरावरून खाडीकडे. त्यामुळे धूळ टॉवरांच्या अंगाला जात होती. समोरच्या इमारतींच्या खिडक्या सगळ्या बंद. मी कुल्फी खात म्हटलं, "काका, हिवाळ्यात ही धूळ वर पाड्यावर जाते. सोनीबाईंचा आपटा कुणी घेत नाही."

"सोनी? राघ्याची सोनी?" त्यांचं हसू थोडं ओसरलं. "तिची आई आमचे घरा दसऱ्याचं सोनं आनायची." मग खांदे उडवून म्हणाले, "मी काय कराचा? जागा दिली. धूल त्यांची."

"जागा तुमची, धूळ त्यांची, आणि नाक सोनीबाईंचं," मी म्हटलं. माझी जीभ अशीच आहे. त्यांनी मला दुसरी कुल्फी विचारली नाही.

वर चढून गेले तर आवळपाड्यात ठिपका पिवळा होता. करवंदाच्या जाळ्या लदबदलेल्या. सोनीबाईने पळसाच्या द्रोणात करवंदं दिली आणि म्हणाली, "आता वारा आपल्या बाजूनं हाय. दसऱ्याला त्यांच्या बाजूनं जातो." जे कळायला मला दोन फेऱ्या आणि एक तडकलेलं यंत्र लागलं, ते तिला पानांवरून ठाऊक होतं.

आता माझ्या चुकीबद्दल. ती लपवली तर हे सगळं लिहिण्यात अर्थ नाही.

ऑगस्टमध्ये मी तिसऱ्यांदा गेले. डोंगर ओळखू येत नव्हता. प्रत्येक खडकातून पाणी फुटलेलं, पायवाटेवर शेवाळ. धारेजवळ माझा पाय सटकला आणि मी उतारावरून बसल्या बसल्या सरळ सोनीबाईच्या अंगणाच्या तोंडाशी पोहोचले. ती दारातूनच ओरडली, "एवढी घाई कशाला गं, भाकर टाकतेय अजून!"

घरात चिंबोऱ्यांचं (ओढ्यातल्या खेकड्यांचं) कालवण होतं आणि टाकळ्याची भाजी. कपडे चुलीपाशी वाळवत मी यंत्र बाहेर काढलं. जांभळा. मी उठून दारात गेले. गर्द जांभळा. बाहेर दहा पावलांवरचं झाड दिसत नव्हतं, सगळा डोंगर पांढऱ्या धुक्यात बुडालेला.

"सोनीबाई, बघा! पावसातसुद्धा! शीळफाट्यापेक्षा वाईट!"

तिने बाहेर पाहिलं, मग माझ्याकडे. "अगं, तो ढग हाय. आभाळ खाली येतं आमच्याकडं. ढगाला धूर म्हणतेस?"

"यंत्र खोटं बोलत नाही."

"यंत्राला काय, ते ठाण्याचं हाय," ती म्हणाली आणि कालवण वाढायला लागली.

मी ऐकलं नाही. परतीच्या बसमध्येच पत्रक लिहून काढलं. मथळा दिला: 'पावसानेही न धुतलेलं विष'. पप्पांनी मजकूर वाचला, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "हात लावून आलीस?"

"हो," मी म्हटलं. आणि मला तेव्हा ते खरंच वाटत होतं. मी यंत्राला हात लावला होता. हवेला लावला नव्हता.

पत्रकं ठाण्यापासून घोडबंदरपर्यंत वाटली. टॉवरांतल्या लोकांनी फोटो काढून एकमेकांना पाठवली. सोनीबाईने एक गठ्ठा बाजारात नेला, वाचता येत नसूनही ती प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायची, "आमच्या पोरीनं लिवलंय."

सुनावणी दसऱ्याच्या दोन दिवस आधी होती. ठाण्यातल्या एका सरकारी कार्यालयाच्या तिसऱ्या मजल्यावरचं दालन, पंखे गरगरत होते, पण वारा येत नव्हता. टेबलाच्या पलीकडे अधिकारी मॅडम, चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या. एका बाजूला कारखान्याचे मॅनेजर, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. दुसऱ्या बाजूला आम्ही पाड्यावरची वीसेक माणसं. मागच्या रांगेत म्हात्रेकाका, जागामालक म्हणून बोलावलेले. सोनीबाईने येताना दोन गाठोडी आणि एक कापडी पिशवी आणली होती. सुनावणी उरकून ती तशीच बाजारात जाणार होती.

मी बोलले. चांगली बोलले असं वाटलं. मग मॅनेजर उठले, माझंच पत्रक हातात घेऊन.

"मॅडम, या ताई म्हणतात की ऑगस्टमधल्या या तारखेला वर सगळ्यात वाईट हवा होती. ठीक. त्या तारखेच्या आधी आणि नंतर मिळून पंधरा दिवस आमचा प्लांट पूर्ण बंद होता. मिक्सरचं काम निघालं होतं. ही लॉगबुकं." त्यांनी वह्या टेबलावर ठेवल्या. "प्लांट बंद, तरी हवा जांभळी. मग हे विष आमचं कसं?"

दालनात कुजबुज झाली. मागून कुणीतरी हसलं. मॅडम माझ्याकडे पाहत होत्या.

वाद घालायला दहा वाक्यं तोंडात तयार होती. वाद कसा घालायचा हे मला शिकवावं लागत नाही. पण डोळ्यांपुढे पावसातलं ते घराचं दार होतं, पांढरा डोंगर, आणि कानात सोनीबाईचा आवाज: ढगाला धूर म्हणतेस? माझं यंत्र हवेतले बारीक कण मोजतं. धुक्याचा थेंब आणि सिमेंटचा कण यांतला फरक त्याला कळत नाही. तो मला कळायला हवा होता.

"मॅडम," मी म्हटलं, "ते बरोबर बोलताहेत. ऑगस्टची नोंद चुकीची आहे. ते धुकं होतं. मला तेव्हाच सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. पत्रकातली ती ओळ मी मागे घेते आणि तसं छापून वाटीन. जानेवारीची नोंद कोरड्या हवेतली आहे. ती तेवढी विचारात घ्या."

मी खाली बसले. मॅनेजरनी हात जोडून गोड हसून म्हटलं, "बघा मॅडम. जानेवारीची कुणी तपासायची आता? डोंगर म्हटला की माती उडणारच."

मला वाटलं, संपलं. एका वर्षाचा आपटा माझ्या एका मथळ्यापायी गेला. शेजारी बसलेल्या सोनीबाईकडे पाहायची हिंमत होत नव्हती. तेवढ्यात ती उठली. बोलायला तिचं नाव यादीत नव्हतं. ती सरळ टेबलापाशी गेली, एक गाठोडं सोडलं आणि आपट्याची एक डहाळी मॅडमच्या हातात दिली.

"सोनं घ्या बाय."

मॅडम गोंधळल्या. "दसरा परवा आहे ना, मावशी?"

"परवा मी बाजारात, तुमी घरी. आजच घ्या."

सोन्याला नाही कोण म्हणतं? मॅडमनी घेतलं. सोनीबाई वळली. "साहेब, तुमीपन. सोन्यासारखे रहा." मॅनेजरनी दोन्ही हात पुढे केले, सवयीने डहाळी कपाळाला लावली आणि शर्टाच्या खिशात खोचली. ती शांतपणे सगळ्या दालनात फिरली. कारकून, शिपाई, म्हात्रेकाका. मग जागेवर आली आणि म्हणाली, "आता आपापले हात बघा."

मॅडमची बोटं राखाडी झाली होती. मॅनेजरच्या कपाळावर राखाडी टिळा होता आणि पांढऱ्या शर्टाच्या खिशावर पंज्याएवढा डाग.

तिने दुसरं गाठोडं सोडलं. "हे डोंगराच्या तलावाच्या अंगाचं. कालच तोडलंय, दोन्ही कालच. घ्या, चोळा." मॅडमनी चोळलं. बोटाला नुसता हिरवा रस. "साहेब म्हनतात डोंगराची माती. डोंगराची माती तांबडी हाय. माज्या पायाला लागलीय बघा. ही राखाडी कुठली?"

मॅनेजर कपाळ पुसत उठले. "रस्त्याची असेल! घोडबंदर रोडला गाड्या किती! सगळी धूळ काय आमचीच का?"

मला भीती वाटली ती याच प्रश्नाची. सोनीबाईला वाटली नाही. तिने कापडी पिशवीतून एक डबा काढला आणि त्यातून काहीतरी मॅडमच्या तळहातावर ठेवलं. मी पुढे झाले. आपट्याचंच पान होतं ते, दोन पाकळ्या जोडल्यासारखं, शिरा स्पष्ट. पण ते हिरवं नव्हतं आणि मऊही नव्हतं. पानावर बसलेली धूळ सकाळच्या दवाने भिजून, उन्हाने वाळून, दगडासारखी घट्ट झाली होती. आतलं पान गळून गेलं होतं आणि वर त्याच्या आकाराची खपली उरली होती. मॅडमनी टेबलावर ती वाजवली. टक.

"रस्त्याच्या धुळीचा चिखल होतो, बाय," सोनीबाई म्हणाली. "दगुड होत नाय. दगुड कशाचा होतो ते या साहेबांना इचारा. त्यांचा धंदाच हाय तो."

आणि तेव्हा मागून खुर्ची सरकली. म्हात्रेकाका उभे राहिले, हातात डहाळी तशीच.

"मॅडम, मी बोलू? जागा माजी हाय." त्यांनी घसा खाकरला. "मी मिठागरावं वाढलेला मानूस. आमचा बापूस मिठाच्या राशीवं पेंढा शाकारी. का, तं मिठावं धूल नको पराला. गरीब मानूस, पन राशी उघडी कवा ठेवली नाय. आन ह्यांना एवढ्या पैशात खडीवं पत्रा घालाला जमला नाय? पानी मारतान ते तुमची गारी यायची असली कं. मी चिंचेखाली बसून रोज बघतंय." मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "या पोरीनं मना मे महिन्यात सांगलेला. मी हसलू."

मॅडमनी सुनावणी तिथेच थांबवली. दुसऱ्या दिवशी सकाळी, न कळवता, त्या कारखान्यावर गेल्या आणि तिथून चढून आवळपाड्यावर. टाक्यांच्या तोंडाचे धूळ अडवणारे पडदे फाटलेले होते, पाण्याचे फवारे कोरडे. त्यांनी झाडांवरून स्वतःच्या हाताने पानं तोडून पाकिटांत भरली आणि प्रत्येक पाकिटावर जागा लिहिली. जाताना सोनीबाईकडे पाणी मागितलं. सोनीबाई म्हणाली, "देते, पन आधी पेल्यावरची धूळ पुसते."

परवानगी वाढली नाही. हे मी सोप्या वाक्यात लिहिते, कारण लढून मिळालेली गोष्ट अशी एका ओळीत लिहिता यावी यासाठीच आम्ही आयुष्यभर पत्रकं काढतो. परवानगी वाढली नाही. थंडी संपायच्या आत टाक्या उतरल्या, खडी गेली. म्हात्रेकाकांनी जागेला कुंपण घातलं आहे आणि आता तिथे काय करायचं यावर त्यांच्या तीन मुलांत रोज वाद होतो, असं ते स्वतःच आनंदाने सांगतात.

मी कबूल केल्याप्रमाणे दुसरं पत्रक काढलं. मथळा होता 'आमची चूक'. पहिल्याएवढ्याच प्रती, त्याच रस्त्यांवर वाटल्या. घोडबंदरच्या एका टॉवरच्या दारात एक तरुण ते वाचून म्हणाला, "अरे, पत्रकवाले चूकपण छापतात?" मी म्हटलं, "आमच्याकडे छापतात."

यंदाच्या दसऱ्याला मी यंत्र घरी ठेवलं आणि निघाले. जांभळी नाक्याला पाय ठेवायला जागा नव्हती. झेंडूच्या राशी, भाताच्या लोंब्या, ओरडाआरडा. सोनीबाई तिच्या कोपऱ्यावर होती, गाठोडं अर्ध्याहून खाली आलेलं. चेहरा असा की तिला ओळखायला मला क्षणभर लागला. मी तिला बाजारात जिंकताना कधी पाहिलं नव्हतं.

एका बाईने डहाळी उचलली, पान दोन बोटांत चोळलं आणि बोटं पाहिली. सोनीबाईने भुवई उडवली. "काय शोधतीस गं? नाय मिळायचं. दोन डहाळ्या घे."

बाईने तीन घेतल्या.

मला तिने सगळ्यात मोठी डहाळी दिली. म्हणाली, "कुठल्या अंगाची हाय, ओळख." मी उलटीसुलटी करून पाहिली, चोळून पाहिली, वास घेतला. ओळखता आलं नाही. ती खदखदून हसली. "मला बी नाय येत आता."

डोंगरावरची हवा अजूनही रोज हिरवी नसते. थंडीत एखाद्या सकाळी खालच्या गाड्यांचा धूर चढतो आणि ठिपका पिवळा होतो. शीळफाटा आहे तसाच आहे, डोंबिवलीला वास आहे तसाच आहे, आणि त्यांच्यावर पत्रकं निघायची आहेत. पण "घ्यायची तर हीच" म्हणणाऱ्या काकू बसमध्ये पुन्हा भेटल्या तर त्यांच्या हातात द्यायला आता माझ्याकडे आपट्याचं एक स्वच्छ पान आहे.

संध्याकाळी ठाकुर्लीला परतले. पप्पा चाळीच्या गॅलरीत बसले होते. मी सोनं त्यांच्या हातात दिलं आणि पाया पडले. शाईने कायमच्या काळ्या झालेल्या अंगठ्याने त्यांनी पान सावकाश चोळलं, मग अंगठा दिव्याकडे धरून नीट पाहिला. एकदा, पुन्हा एकदा.

"हं," ते म्हणाले. "आता लिही."